प्रकरण ७ : कमी उष्णतेचे इंधन, अधिक जोराची गाडी

पेट्रोल पंपावरच्या रांगेत उभे राहिले, की हल्ली एक तक्रार हमखास कानी पडते : इथेनॉल मिसळायला लागल्यापासून गाडी पूर्वीसारखे ॲव्हरेज देत नाही. तक्रार निराधार नाही. एक लिटर पेट्रोल जळून जेथे सुमारे ३२ मेगाज्यूल उष्णता देते, तेथे एक लिटर इथेनॉल सुमारे २१ मेगाज्यूलच देते. आणि ज्या मालात ऐवजच कमी, तो मिसळल्यावर मिश्रणाचा कस उतरावा, हे कोणाही व्यवहारी माणसाला पटण्यासारखे आहे. परंतु याच व्यवहारी माणसाला मग दुसरी हकीकत ऐकवावी : स्वीडनच्या साब कंपनीने २००५ साली बाजारात आणलेली, दोन लिटर इंजिनाची एक टर्बो मोटार साध्या पेट्रोलवर १५० अश्वशक्ती देई, आणि टाकीत ८५ टक्के इथेनॉलचे इंधन भरले, की तीच मोटार, तिच्या इंजिनातील एकही स्क्रू न हलवता, १८० अश्वशक्ती देऊ लागे. येथे मात्र तो बुचकळ्यात पडतो, आणि विचारतो, की ज्या इंधनाच्या अंगी उष्णताच कमी, त्याने गाडीचा जोर वाढावा कसा?

प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर इंधनात शोधत बसले तर सापडत नाही, कारण ते हवेत आहे.

१. फुंकणीचा धडा

चूल पेटवणाऱ्या कोणत्याही गृहिणीला ठाऊक असते, की लाकडे कितीही कोंबली तरी जाळ वाढत नाही. फुंकणीने वारा घातला, की वाढतो. इंजिनाची गोष्ट याहून निराळी नाही. इंधन हा द्रवपदार्थ, थोड्या जागेत पुष्कळ मावणारा. तो हवा तितका आत सोडता येतो. अडचण असते ती हवेची. दोन लिटरच्या इंजिनातील सगळ्या दट्ट्यांनी, म्हणजे पिस्टनांनी, एकेकदा श्वास ओढला, की आत दोन लिटर हवा येणार, आणि दोन लिटर हवेचे वजन भरते अवघे २.४ ग्रॅमच्या आसपास. इंजिनाची शक्ती ही मुळात या चिमूटभर हवेच्या हिशेबाने ठरते.

आता एक किलो हवा धरून दोन्ही इंधनांचा जमाखर्च मांडू. एक किलो पेट्रोल पुरतेपणी जाळण्यास १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलच्या रेणूत प्राणवायू जन्मजातच असतो, आणि तो त्याच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडा अधिकच भरतो. त्यामुळे त्याला बाहेरची हवा कमी, एका किलोस सुमारे ९ किलो, पुरते. म्हणजे एक किलो हवेबरोबर पेट्रोल जळेल सुमारे ६८ ग्रॅम, आणि इथेनॉल जळेल सुमारे १११ ग्रॅम. पेट्रोलचा एक ग्रॅम अंदाजे ४३.५ किलोज्यूल देतो, इथेनॉलचा अंदाजे २७. गुणाकार केला, की पेट्रोलच्या खात्यात २,९६० किलोज्यूल जमा होतात आणि इथेनॉलच्या खात्यात २,९९७. दोन्ही रकमा जवळजवळ सारख्या!

भुकेला माणूस जाड भाकऱ्या दोन खाईल, फुलके असतील तर पाच खाईल. पोट मात्र तेवढेच भरणार. इथेनॉल हा फुलका आहे. तो अधिक लागतो, म्हणून लिटरमागे अंतर कमी पडते. पण हवेच्या एका घासाला मिळणारी उष्णता त्याने घटत नाही. ॲव्हरेज हा लिटरचा हिशेब आहे आणि शक्ती हा सेकंदाचा. या दोहोंची सरमिसळ झाली, की हे कोडे पडते.

एवढ्याने कोडे निम्मेच सुटले. इथेनॉलने शक्ती घटत का नाही, हे कळले. ती वाढते का, हे अजून उरलेच आहे.

२. धुरावर चालणारा भाता

शक्ती हवेवर अवलंबून असेल, तर हवाच अधिक का कोंबू नये? हा विचार जुना आहे. आल्फ्रेड ब्युखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली ज्या यंत्राचे पेटंट घेतले, त्याचाच वंशज म्हणजे आजचा टर्बो. लोहाराचा भाता कोणीतरी हाताने ओढावा लागतो. टर्बो हा असा भाता आहे, की जो भट्टीच्या धुरावरच चालतो. इंजिनातून तापून बाहेर पडणारा धूर एका चक्राला फिरवतो. त्याच चक्राच्या आसावर दुसऱ्या टोकाला बसवलेले चक्र बाहेरची हवा ओढून, दाबून इंजिनात ढकलते. लहान मोटारीच्या टर्बोतील हा आस मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो.

परंतु दाबलेली हवा फुकट मिळत नाही. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे बूड हाताला गरम लागते, ते आठवावे. हवा दाबली, की ती तापते. आणि तापलेली हवा विरळ होऊन, दाबण्याचा निम्मा हेतू स्वतःच हाणून पाडते. २५ अंशांची हवा टर्बोने दुप्पट दाबली, तर ती १२० अंशांच्या घरात जाते, आणि त्या तापमानाला तिचे वजन दुप्पट न भरता जेमतेम दीडपट भरते. म्हणून टर्बो आणि इंजिन यांच्यामध्ये, समोरून येणाऱ्या वाऱ्याने हवा निववणारी एक जाळी बसवतात. तिला इंटरकूलर म्हणतात. तिने हवा ५० अंशांवर आणली, तर वजन पावणेदोनपटीच्या वर जाते.

इतके करूनही, ही कोंबलेली हवा सिलिंडरमध्ये शिरल्यावर दट्ट्या तिला पुन्हा सुमारे दहापट दाबतो. बाहेरचा उन्हाळा, टर्बोची दाबणी आणि दट्ट्याची दाबणी अशा तिहेरी तापाने ते मिश्रण ठिणगी पडण्यापूर्वीच उकळीस आलेले असते. येथे टर्बो इंजिनाचा खरा शत्रू दबा धरून बसलेला असतो.

३. पंगतीतला गोंधळ

लग्नाची मोठी पंगत बसली आहे, असे समजा. वाढपी एका टोकाकडून शिस्तीने वाढत येत आहे. सर्व सुरळीत चालले, तर शेवटच्या पानापर्यंत भात पोहोचतो आणि पंगत सुखाने जेवते. पण शेवटच्या टोकाची मंडळी फारच भुकेजलेली आणि उन्हाने कावलेली असतील, तर वाढपी पोहोचण्यापूर्वीच ती एकदम उठून पातेल्यावर झडप घालतात, आणि पंगतीचा पार विचका होतो.

सिलिंडरात ठिणगी पडल्यावर ज्वाळा याच वाढप्यासारखी एका बाजूकडून पुढे सरकते. ती सरकत असता, अजून न जळलेले टोकाचे मिश्रण चहूबाजूंनी दाबले आणि तापवले जाते. त्याची सहनशक्ती संपली, की ज्वाळा पोहोचण्याची वाट न पाहता ते जागच्या जागी, एका दमात पेट घेते. दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आदळतात, आणि पत्र्याच्या डब्यात खडे खुळखुळावेत तसा आवाज होतो. घाटात वरच्या गिअरमध्ये गाडी रेटली असता जुन्या चालकांनी हा आवाज ऐकलेला असतो. गॅरेजमध्ये याला ‘नॉकिंग’ म्हणतात. प्रकार लांबला, तर दट्ट्याचा माथा वितळण्यापर्यंत किंवा त्याच्या कडा तुटण्यापर्यंत मजल जाते.

म्हणून आधुनिक इंजिनाच्या दप्तरात एक कारभारी नेमलेला असतो. हा कारभारी म्हणजे इंजिनाचा संगणक. नॉकिंगची चाहूल लागताच तो दोन हुकूम सोडतो. पहिला : ठिणगी उशिरा पाडा. दुसरा : टर्बोचा दाब उतरवा. दोन्ही हुकमांनी इंजिन वाचते, आणि दोन्ही हुकमांनी शक्ती घटते. तेव्हा टर्बो इंजिनाच्या शक्तीवरची खरी मर्यादा लोखंडाच्या बळाने किंवा हवेच्या तुटवड्याने पडण्यापूर्वी, बहुतेक वेळा या मनाईच्या हुकमाने पडलेली असते.

इथेनॉल जी करामत करते, ती ही मनाई उठवण्याची.

४. स्पिरिटचा बोळा

इंजेक्शन देण्यापूर्वी दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवला, की सुईआधीच अंगावर शिरशिरी येते. स्पिरिट काही बर्फात ठेवलेले नसते. ते उडून जाताना कातडीची उष्णता घेऊन जाते. उन्हाळ्यात माठातले पाणी गार होते तेही याच न्यायाने. द्रवाचा वायू होताना जी उष्णता गुपचूप खर्ची पडते, तिला अप्रकट उष्मा म्हणतात.

इंधनही सिलिंडरात जळण्यापूर्वी वायुरूप व्हावे लागते, आणि त्यासाठी लागणारी उष्णता ते बव्हंशी त्या तापलेल्या हवेतूनच उपटते. एक ग्रॅम पेट्रोल वायुरूप होताना ०.३५ किलोज्यूलच्या आसपास उष्णता घेते, एक ग्रॅम इथेनॉल ०.९ च्या आसपास. त्यातच मघाशी पाहिले, की एक किलो हवेमागे पेट्रोल ६८ ग्रॅमच येते, इथेनॉल मात्र १११ ग्रॅम. म्हणजे फुलके अधिक लागतात, हाच दोष येथे गुण ठरतो : पेट्रोल त्या एक किलो हवेतून २४ किलोज्यूल उचलते, तर इथेनॉल १००. एक किलो हवा एक अंशाने निववण्यास ढोबळमानाने एक किलोज्यूल काढून घ्यावा लागतो, हे ध्यानी घेतले, तर कागदावर पेट्रोलने हवा २४ अंशांनी निवेल आणि इथेनॉलने १०० अंशांनी. प्रत्यक्षात काही इंधन नळीच्या व सिलिंडरच्या भिंतींवर बसून त्यांचीच उष्णता घेते, म्हणून एवढा लाभ पदरात पडत नाही. पण जेथे इंधनाचा फवारा थेट सिलिंडरात सोडतात, तेथे या लाभाचा बराच मोठा वाटा हाती लागतो. म्हणजे ज्या टोकाला एरवी झडपेची तयारी चाललेली असते, तेथे भात पोहोचण्यापूर्वीच गार पन्ह्याचे पेले फिरतात.

ही युक्ती नवी नाही, आणि तिची एक मजेदार साक्ष इतिहासात आहे. १९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबाईल जेटफायर नावाची टर्बो मोटार निघाली. तिच्या साडेतीन लिटरच्या इंजिनात दट्ट्या हवा दहापटीहून अधिक दाबी, आणि त्यावर टर्बोची भर. त्या काळच्या पेट्रोलला हे झेपणारे नव्हते. तेव्हा निर्मात्यांनी गाडीत एक वेगळी टाकी बसवून, तिच्यात ऊर्ध्वपातित पाणी आणि मिथेनॉल, म्हणजे इथेनॉलचा धाकटा भाऊ, यांचे मिश्रण भरण्याची व्यवस्था केली. इंजिनावर ताण पडला, की या मिश्रणाचा फवारा आत जाई आणि हवा निवे. पण पुष्कळ मालक ही टाकी भरण्याचे विसरत. ती रिकामी झाली, की एक झडप टर्बोचा दाब आपोआप उतरवी, आणि मालकाला प्रश्न पडे, की परवापर्यंत उधळणारी आपली गाडी आज मरगळली कशाने? इंजिन तेच, पेट्रोल तेच. निववणारा संपला, म्हणून मुभाही संपली.

इथेनॉल घातलेल्या इंधनात ही वेगळी टाकी लागत नाही. जळणारा आणि निववणारा, दोघेही एकाच थेंबात नांदतात.

५. उतावळेपणाला आवर

निववण्याखेरीज इथेनॉलच्या अंगी दुसरा गुण आहे तो स्वभावाचा. कोणते इंधन दाबाखाली किती धीर धरते, हे मोजण्यासाठी ऑक्टेन अंकाची पट्टी आहे. आयसोऑक्टेन नावाच्या धीराच्या द्रवाला १०० गुण आणि हेप्टेन नावाच्या उतावळ्या द्रवाला शून्य, असे दोन खुंट ठोकून बाकीच्या इंधनांना मधल्या जागा देतात. आपल्याकडील साधे पेट्रोल या पट्टीवर दीर्घकाळ ९१ वर होते. शुद्ध इथेनॉलचा अंक १०८ च्या आसपास, म्हणजे शंभराच्याही वर, भरतो.

हा धीर येतो कोठून? पेट्रोलमध्ये कार्बनच्या लांब, सरळ साखळ्या असलेले काही रेणू असतात. तापलेल्या, दाबलेल्या हवेत त्या साखळ्या ठिणगीपूर्वीच तुटू लागतात आणि प्रत्येक तुकडा पुढच्या तुटीला चिथावणी देतो. इथेनॉलचा रेणू दोनच कार्बनांचा, आखूड. असल्या अंतर्गत फितुरीला त्यात वाव कमी. हे दोन गुण मात्र पूर्णतः विभक्त मानू नयेत, कारण ऑक्टेन मोजण्याच्या कसोटीतही निववण्याचा काही अंश आपसूक मिसळलेला असतो.

मद्यार्काचा हा गुण इंजिनाच्या शास्त्राला फार पूर्वीच कळला होता. पण डिसेंबर १९२१ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सच्या संशोधकांना शिशाचे एक संयुग सापडले, ज्याचे थेंबभर प्रमाणही नॉकिंग शमवी. आणि स्वस्ताईच्या मोहाने जगाने ते विष पुढची कित्येक दशके हवेत सोडले. भारतात शिसेयुक्त पेट्रोल थांबले ते २००० साली.

६. मुभेचा उपयोग

मनाई उठली, म्हणजे काय काय करता येते, ते आता पाहू.

पहिली गोष्ट ठिणगीच्या मुहूर्ताची. मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर इंजिनाचा दांडा एका सेकंदाच्या हजाराव्या भागात १८ अंश फिरतो, आणि मिश्रण जळायला असे काही हजारांश लागतात. म्हणून दट्ट्या माथ्यावर पोहोचण्यापूर्वीच ठिणगी पाडावी लागते. झोपाळ्याला धक्का देणाऱ्याला ही वेळ बरोबर साधते : झोका परत फिरतो न फिरतो, तोच हात लागला, तर तो उंच जातो, निसटून गेल्यावर मागून लावलेला हात वाया जातो. नॉकिंगच्या भयाने ठिणगी उशिरा पाडणे हा असा निसटल्या झोक्यामागे धावण्याचा प्रकार आहे. इथेनॉल असले, की कारभारी ठिणगीला तिचा योग्य मुहूर्त परत देतो, आणि तेवढ्याच उष्णतेतून अधिक काम पदरात पडते.

दुसरी गोष्ट टर्बोच्या दाबाची. मिश्रण थंड आणि धीराचे असल्याने कारभारी भात्याला अधिक जोराने चालण्याचा परवाना देतो. हवा अधिक आली, की तिच्या प्रमाणात इंधन अधिक, आणि शक्ती अधिक. साध्या, बिनटर्बो इंजिनाला हा दुसरा मार्गच बंद असतो. आकाशातून जेवढी हवा आपल्या वजनाने आत शिरेल, तेवढीच त्याची मिळकत. टर्बोवाल्याचे उत्पन्न मात्र वाढवून घेता येते. इथेनॉलचा खरा चमत्कार टर्बो इंजिनातच का दिसतो, त्याचे मर्म येथे आहे.

साबच्या त्या मोटारीत हा कारभार कसा चाले, हे पाहण्यासारखे आहे. ठिणगी पाडून झाल्यावर स्पार्क प्लग स्वस्थ बसत नसे. कारभारी त्याच्या दोन टोकांवर लगेच एक सौम्य विद्युत्दाब ठेवी, आणि जळत्या वायूतून किती प्रवाह वाहतो, ते पाही. नॉकिंगची कुरबुर असली, की प्रवाहात तिचे कंप उमटत. म्हणजे ज्याने आग लावली, त्यालाच जासूद नेमून आगीची खबर काढायची! टाकीत पेट्रोल असले, तर जासुदाच्या खबरीवरून दाब आटोक्यात राही. इथेनॉल असले, तर कुरबुर येत नसे, आणि दाब चढवला जाई. १५० अश्वशक्तीच्या १८० झाल्या, म्हणजे पाचव्या हिश्श्याची वाढ. फिरवण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, २४० वरून २८० न्यूटन-मीटरवर गेला. स्वीडनच्याच कोनिगसेगच्या येस्को या अतिवेगवान टर्बो मोटारीत हाच फरक १,२८० अश्वशक्तींवरून १,६०० वर जातो. अमेरिकेतील इंडीकार शर्यतींची टर्बो इंजिने २०१२ पासून ८५ टक्के इथेनॉलच्या इंधनावर धावू लागली.

७. आपल्या टाकीतले वीस टक्के

उसाच्या मळीतून आणि रसातून इथेनॉल गाळणाऱ्या डिस्टिलऱ्या महाराष्ट्रातील अनेक साखर कारखान्यांच्या आवारात उभ्या आहेत. ज्या मद्यार्कावर आजवर अबकारी खात्याचा डोळा असे, तो आता टँकर भरून तेल कंपन्यांच्या डेपोकडे जातो, आणि पेट्रोलमध्ये वीस टक्के मिसळून आपल्या टाकीत येतो. मग आपल्या गाडीचा जोर का वाढत नाही?

उत्तर आता वाचकच देऊ शकेल. वीस टक्के मिश्रणाच्या लिटरात उष्णता किती, हे काढू : ३२ चे ऐंशी टक्के २५.६, आणि २१ चे वीस टक्के ४.२, बेरीज २९.८ मेगाज्यूल. ३२ च्या मानाने सुमारे सात टक्के घट. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही, जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी सहा ते सात टक्के घटीचाच अंदाज दिला होता. हा तोटा प्रत्येक गाडीच्या वाट्याला कमीअधिक येतो. नफा मात्र मागून घ्यावा लागतो. वीस टक्क्यांच्या मिश्रणासाठी ऑक्टेन अंक ९५ ठरवला आहे, म्हणजे मनाई काहीशी सैल झालेली आहे; पण ज्या इंजिनात टर्बो नाही, ज्याची दाबणी कारखान्यातच कायमची ठरून गेली आहे, आणि ज्याच्या कारभाऱ्याला जुन्या ९१ च्याच कायद्याने चालण्याची सवय आहे, त्याला ही मुभा मिळूनही तिचे काय करावे, हे ठाऊक नसते. नव्या टर्बो इंजिनांचा कारभारी यातून थोडेफार पदरात पाडून घेऊ शकतो. पण वीस टक्क्यांची मुभा आणि पंच्याऐंशी टक्क्यांची मुभा यांत अंतर मोठे.

आणि हौसेने कोणी ८५ टक्क्यांचे इंधन आणून आपल्या चालू टर्बो गाडीत ओतू म्हणेल, तर त्याने मघाचे फुलके आठवावेत. तेवढ्याच हवेला इंधन सुमारे तिसऱ्या हिश्श्याने किंवा त्याहूनही अधिक लागते. पंप आणि फवारणीच्या तोट्या तेवढा पुरवठा करण्याजोग्या नसल्या, तर मिश्रणात इंधन अपुरे पडून नॉकिंग आणि ताप दोन्ही वाढतात. मद्यार्काला न टिकणारे रबर आणि काही धातू झिजतात, ते वेगळेच. साबच्या मोटारीत या साऱ्याचा बंदोबस्त आधीच केलेला होता. ‘एकही स्क्रू न हलवता’ असे आरंभी म्हटले, ते कारखान्याबाहेरच्या स्क्रूंविषयी.

पंपावरच्या रांगेतील त्या गृहस्थाची तक्रार खरी आणि स्वीडनचा आकडाही खरा. इथेनॉल पदरची शक्ती देत नाही. कोंडलेल्या हवेवरची मनाई तेवढी उठवते, आणि त्याची फी लिटरांत वसूल करते. ज्या इंजिनापाशी कोंडायला अधिक हवा आहे, ते फी भरून मुभा वापरते. ज्यापाशी नाही, ते नुसतीच फी भरत राहते. आणि त्या गृहस्थाची गाडी बहुधा याच दुसऱ्या जातीची असते.